सदाफुलीची चार पाने आणि इतर प्रश्न

मागील अंकात कुचल्याविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी एवढेच लिहिले होते, की कुचल्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे अतिशय विषारी अल्कलॉइड (वनस्पतींत तयार होणारे, नायट्रोजन असलेले द्रव्य) असते आणि म्हणूनच आयुर्वेदात शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) केल्याशिवाय ते बी वापरत नाहीत. ‘अल्कलॉइड’ या एका शब्दावरून इतकी पत्रे आली, की या महिन्याचे सदर वनस्पतींतील अल्कलॉइडांनाच द्यावे असे संपादकांनी सुचवले. बहुतेक प्रश्न घरातील आजाराशी निगडित असल्यामुळे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, फक्त ठिकाण दिले आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. शेजारणीच्या सांगण्यावरून त्या गेले दोन महिने रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची चार पाने चावून खातात. याच झाडापासून कॅन्सरचे औषध करतात, तेव्हा ते गुणकारीच असणार, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना थांबवावे की खाऊ द्यावे? (कोथरूड)

उत्तर : थांबवावे. मात्र थांबवताना ‘हे सगळे थोतांड आहे’ असे त्यांना म्हणू नये, कारण त्यांनी ऐकलेल्या दोन्ही गोष्टी निराधार नाहीत. त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत हे त्यांना सांगितले, तर कदाचित त्या स्वतःच पाने सोडतील.

सदाफुली मूळची मादागास्करची. तिथून ती उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरली आणि अनेक ठिकाणी तिची पाने मधुमेहावर घरगुती उपाय म्हणून वापरली जाऊ लागली. १९५२ साली कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांना त्यांचे बंधू डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडून एका पाकिटात ही पाने मिळाली. जमैकातील एका रुग्णाने ती पाठवली होती आणि तिकडे मधुमेहासाठी त्यांचा चहा करून पितात असे कळवले होते. नोबल यांनी उंदरांवर प्रयोग केले. पानांचा अर्क तोंडावाटे दिला तेव्हा रक्तातील साखर जागची हलली नाही. अर्क टोचून दिला तेव्हाही साखरेचे काही झाले नाही, पण उंदीर जंतुसंसर्गाने दगावू लागले. शोध घेतल्यावर दिसले, की त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या, कारण रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचे कामच मंदावले होते. एखादा संशोधक इथे निराश होऊन दुसऱ्या कामाला लागला असता. नोबल आणि त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांनी उलटा विचार केला : पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणे हाच ज्या रोगाचा गाभा आहे, त्या रक्ताच्या कर्करोगात हा दोष गुण ठरू शकेल. १९५८ पर्यंत त्यांनी या पानांतून विनब्लास्टिन हे अल्कलॉइड शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच सुमारास अमेरिकेतील एली लिली या कंपनीचे शास्त्रज्ञही याच झाडावर स्वतंत्रपणे काम करत होते आणि विन्क्रिस्टिन हे दुसरे औषध त्यांच्या हाती लागले.

म्हणजे सासूबाईंना जे हवे आहे ते या पानांनी त्या प्रयोगांत दिले नाही, आणि जे दिले ते त्यांना नको आहे. पुढे प्राण्यांवरील काही प्रयोगांत या पानांच्या अर्काने साखर थोडी उतरल्याचे दिसले आहे. पण ते खरे धरले तरी काळजी कमी होत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना वरून मोजमाप नसलेले दुसरे औषध पोटात गेले, तर साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका राहतोच.

ही औषधे काम कशी करतात तेही सांगतो. पेशी दुभंगताना तिच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे विणले जातात आणि ते गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेतात. विन्क्रिस्टिन त्या प्रथिनाला चिकटते, धागे विणले जात नाहीत आणि पेशी अर्ध्या वाटेवर अडकून मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असल्यामुळे त्यांना याचा फटका सर्वाधिक बसतो. पण तेच धागे मज्जातंतूंतही असतात, म्हणून या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो आणि तीव्र बद्धकोष्ठता होते. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारणपणे दोन मिलिग्रॅमहून अधिक विन्क्रिस्टिन देत नाहीत. ते फक्त शिरेतून द्यायचे असते. चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात टोचले गेले, तर रुग्ण सहसा वाचत नाही. इतकी काटेकोर काळजी घेऊनच लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते इतर औषधांच्या जोडीने आजही दिले जाते आणि त्या मुलांपैकी बरीचशी बरी होऊन शाळेत परततात.

पानात हे द्रव्य अत्यल्प असते. एक ग्रॅम विनब्लास्टिन मिळवायला सुमारे पाचशे किलो वाळलेली पाने लागतात. २०२२ मध्ये जनुकीय बदल केलेल्या यीस्टकडून त्याचे मूळ घटक तयार करून घेण्यात यश आले, ते याच टंचाईमुळे. तेव्हा चार पानांनी लगेच विषबाधा होईल असे मी म्हणत नाही. पण सदाफुलीत शंभराहून अधिक निरनिराळी अल्कलॉइडे असतात, आणि पान कोवळे की जून, ऋतू कोणता, वाण कोणते, यावर त्यांचे प्रमाण बदलत राहते. रोज चार पाने खाणाऱ्या माणसाला आपण नेमके काय आणि किती घेतो हे कळायला काहीच मार्ग नसतो. पाने बंद केल्यावर सासूबाईंच्या डॉक्टरांना ही गोष्ट न लपवता सांगावी आणि साखरेबरोबर रक्तपेशींची साधी तपासणीही करून घ्यावी. नेहमीच्या गोळ्यांत स्वतःहून काही फेरफार करू नये.

प्रश्न : मी बारावीत आहे. अल्कलॉइड म्हणजे ‘नायट्रोजन असलेली कडू संयुगे’ एवढेच आम्हाला क्लासमध्ये सांगितले. हळदीतील कर्क्युमिन आणि मलेरियावरील आर्टेमिसिनिन ही अल्कलॉइडे आहेत का? (चिंचवड)

उत्तर : दोन्ही नाहीत. तू त्यांची रेणुसूत्रे लिहून पाहा, दोन्हींत फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन सापडतील. नायट्रोजनच नाही, तिथे अल्कलॉइड कुठले? हृदयविकारात वापरले जाणारे डिजॉक्सिन हेही वनस्पतीतूनच येते, पण ते ग्लायकोसाइड, म्हणजे शर्करेचा रेणू जोडलेले संयुग. मलेरियावरचे जुने औषध क्विनीन मात्र अस्सल अल्कलॉइड आहे. १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या जोडीने ते सिंकोनाच्या सालीतून वेगळे केले. मागच्या अंकातील स्ट्रिक्नीनही याच दोघांनी १८१८ मध्ये शोधले होते.

क्लासमधील व्याख्या चुकीची नाही, पण तिच्या कडा जरा फाटलेल्या आहेत. बहुतेक अल्कलॉइडे आम्लारिधर्मी असतात, म्हणूनच तर १८१९ मध्ये माइसनर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने त्यांना ‘अल्कलीसारखे’ या अर्थाचे हे नाव दिले. मिऱ्यातील पिपरिन मात्र जवळजवळ आम्लारिधर्मी नाही आणि ते कडू नसून तिखट आहे, तरीही त्याची गणना अल्कलॉइडांतच होते. चहा-कॉफीतील कॅफीनही त्याच घराण्यातले.

आम्लारी असण्याचा फायदा औषध बनवणाऱ्यांना फार झाला. अल्कलॉइड स्वतः पाण्यात फारसे विरघळत नाही, पण आम्लाबरोबर त्याचा क्षार झाला की सहज विरघळते. त्यामुळे आम्लयुक्त पाण्याने ते पानातून बाहेर काढता येते, पुढे द्रावण आम्लारिधर्मी केले की ते पुन्हा वेगळे होते, आणि शेवटी क्षाराच्या रूपात इंजेक्शनच्या बाटलीत भरता येते. औषधाच्या दुकानात ‘मॉर्फीन सल्फेट’, ‘ॲट्रोपिन सल्फेट’ अशी जोडनावे दिसतात, ती यामुळेच.

या साऱ्याची सुरुवात फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या विशीतील तरुणाने केली. तो जर्मनीत एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस होता. एकाच दुकानातली अफू एका रोग्याला गुण देते, दुसऱ्याला देत नाही आणि तिसऱ्याला कायमची झोपवते, हे त्याला खटकत होते. १८०४-०५ च्या सुमारास त्याने अफूतून झोप आणणारे स्फटिक वेगळे केले आणि पुढे त्यांना मॉर्फियस या स्वप्नांच्या ग्रीक देवतेवरून नाव दिले, तेच मॉर्फीन. तेव्हापासून वेदनाशामक औषध मिलिग्रॅममध्ये मोजता येऊ लागले. मराठीत औषध लागू पडले तर आपण ‘मात्रा चालली’ म्हणतो. मात्रा म्हणजे औषध आणि मात्रा म्हणजे प्रमाणही. मी चाळीस वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकवले, पण हा विषय इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा शब्द मला सापडला नाही.

प्रयोगशाळेत तुला खात्री करायची असेल, तर पानाच्या आम्लयुक्त अर्कात ड्रागेनडॉर्फ अभिकर्मकाचे दोन थेंब टाकून पाहा. अल्कलॉइड असेल तर नारिंगी साका बसतो. आम्ही मुलांना हा प्रयोग नेहमी अडुळशाच्या पानांवर करायला सांगत असू.

प्रश्न : आमच्या बांधावर अडुळसा भरपूर आहे. खोकल्यावर अडुळशाच्या पानांचा रस मधातून देण्याची पद्धत घरात पूर्वीपासून आहे. याला शास्त्राचा आधार आहे का? सूनबाईंना पाचवा महिना असून त्यांना सध्या खोकला झाला आहे. (भोर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते निकडीचे आहे. सूनबाईंना अडुळशाचा रस देऊ नये. अडुळशातील व्हॅसिसिन हे अल्कलॉइड गर्भाशयाचे आकुंचन घडवते असे प्रयोगांत दिसले आहे, आणि गरोदरपणात तो धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. गरम पाण्याची वाफ घ्यावी, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात आणि खोकला रेंगाळला तर तपासणीला येतात त्या डॉक्टरांना विचारावे.

एरवी तुमच्या घरातील रिवाजाला चांगला आधार आहे. चिकट कफ पातळ करण्याचा व्हॅसिसिनचा गुण पाहूनच रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत फेरफार करून १९६० च्या दशकात ब्रोमहेक्सिन हे औषध तयार केले. ब्रोमहेक्सिन पोटात गेल्यावर शरीर त्याचे ॲम्ब्रॉक्सॉल बनवते, आणि तेही आता स्वतंत्र औषध म्हणून मिळते. भोरच्या बाजारातील औषधाच्या दुकानात खोकल्याच्या दहा बाटल्या उचलून पाहिल्या, तर त्यांतल्या काहींवर या दोहोंपैकी एक नाव हमखास सापडेल. बांधावरच्या अडुळशाचीच ती नातवंडे. फरक एवढाच, की बाटलीवर एका चमच्यात किती मिलिग्रॅम औषध आहे ते छापलेले असते.

एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. आणि घरात कोणाचाही खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर रस, काढा, सिरप सगळे बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती मोफत होते.

प्रश्न : माझे वय ६६. रक्तदाब १६०/९६ असल्याने अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. पाय सुजतात म्हणून ती गोळी बंद करून सर्पगंधाच्या गोळ्या घ्याव्यात असा विचार आहे. सर्पगंधा हे तर रक्तदाबावरचे भारतीय औषध आहे ना? (सदाशिव पेठ)

उत्तर : आहे, आणि त्याचा इतिहास अभिमान वाटावा असाच आहे. १९३१ साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी सर्पगंधाच्या मुळातून अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ अजमलिन हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर ही मुळी उपयोगी पडते, असे प्रसिद्ध केले. पण जगाचे लक्ष वेधले गेले ते १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडली तेव्हा. तीन वर्षांनी सीबा या स्विस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेझरपिन वेगळे केले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाबावर दीर्घकाळ घेता येईल अशी परिणामकारक गोळी त्या काळी जवळजवळ नव्हतीच, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

आता पुढचा भाग. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनलिन, सिरोटोनिन ही द्रव्ये इवल्याशा पिशव्यांत साठवलेली असतात, आणि रेझरपिन तो साठा रिकामा करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब उतरतो. पण हाच साठा मेंदूतही असतो. तिथे तो कमी झाल्यावर काही रुग्णांना खोल औदासीन्य आले, आणि नैराश्याचा मेंदूतील रसायनांशी संबंध असावा या विचाराला त्या रुग्णांमुळेच चालना मिळाली. याशिवाय नाक चोंदते, नाडी मंदावते, आम्लपित्त वाढते. पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर रेझरपिन मागे पडले, त्यात कोणाचा कट नव्हता. मुळीत तर रेझरपिनबरोबर इतर डझनावारी अल्कलॉइडे असतात, आणि अजमलिनचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर होतो.

पायांची सूज हा अ‍ॅम्लोडिपिनचा परिचित दुष्परिणाम आहे आणि त्यावर उपाय आहेत. मात्रा कमी करता येते, दुसरे औषध जोडता येते किंवा गोळीच बदलता येते. हे डॉक्टरांना सांगितले तर त्यांना दहा मिनिटेही लागणार नाहीत. आपण ते आजवर सांगितले नसावे असा मला संशय आहे. रोजच्या जेवणातले पापड आणि लोणचे मात्र आजपासूनच कमी करायला हरकत नाही.

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आंबोलीच्या बाजूला भटकत असताना मुळासकट उपटलेली काही झाडे दिसली. ‘हा नरक्या, कॅन्सरच्या औषधासाठी बाहेर जातो,’ असे वाटाड्याने सांगितले. माझ्या काकांवर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. या झाडाची साल उकळून देता येईल का? (हडपसर)

उत्तर : वाटाड्या बरोबर सांगत होता, पण साल देऊ नका. काकांच्या केमोथेरपीच्या कागदावर ‘इरिनोटेकॅन’ असे नाव आहे का ते आधी पाहा. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते पुष्कळदा वापरले जाते. असेल तर नरक्यातील द्रव्याचाच सुधारलेला अवतार त्यांना आधीपासून मिळतो आहे.

या द्रव्याचे नाव कॅम्टोथेसिन. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळे केले. यांतले वाणी हे नंदुरबारचे. तिथे त्यांचा १९२५ साली जन्म झाला, मुंबई विद्यापीठातून त्यांनी एम.एस्सी. केले आणि पुढे अमेरिकेत जाऊन वॉल यांच्याबरोबर दोन मोठी औषधे जगाला दिली. दुसरे टॅक्सॉल, ज्याची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. (टॅक्सॉलला काटेकोर अर्थाने अल्कलॉइड म्हणत नाहीत. चिंचवडच्या विद्यार्थ्याने याची नोंद घ्यावी.) २०२० साली वाणी वारले. खानदेशातल्या या माणसाचे नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांना माहीत नसते, याची मला खंत वाटते.

चिनी झाडातले हे द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, असे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवले आणि तिथून नरक्याचे दिवस फिरले. त्याच्या घाणेरड्या वासावरून त्याला हे नाव पडले असे सांगतात. त्या वासामुळे पूर्वी त्याच्या वाटेला फारसे कोणी जात नसे. पण मुळात आणि सालीत कॅम्टोथेसिन असल्याने फांदी छाटून भागत नाही, अख्खे झाड जाते. आपण पाहिलेला प्रकार त्यातलाच असणार. वनखात्याला जागेसह कळवले असेल तर उत्तम, नसेल तर अजूनही कळवा. या झाडाच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्टोथेसिन सापडल्याचे २००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. झाड न तोडता औषध मिळवण्याची वाट त्यातून निघावी अशी आशा आहे.

साल का देऊ नये, याचे उत्तर या औषधाच्याच इतिहासात आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅम्टोथेसिनचा सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहण्यात आला. मूत्राशयातून रक्तस्राव, तीव्र जुलाब आणि अस्थिमज्जा खचणे असे परिणाम दिसल्यावर त्या चाचण्या सोडून द्याव्या लागल्या. शुद्ध केलेले, तोलून दिलेले औषधही त्या वेळी रुग्णांना सोसले नाही. १९८५ मध्ये हे द्रव्य पेशीतील टोपोआयसोमरेज-१ या विकराला (एन्झाइमला) डीएनएवर अडकवून ठेवते हे उलगडले आणि मग रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन तयार झाली. अमेरिकेत दोन्हींना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. झाडापासून रुग्णापर्यंत पोहोचायला बरोबर तीस वर्षे गेली, आणि ती बहुतांशी विषारीपणा आटोक्यात आणण्यात गेली. इरिनोटेकॅननेही जुलाब होतातच, म्हणून रुग्णाला त्यावरच्या गोळ्या आधीच देऊन ठेवतात. त्यात घरी उकळलेल्या सालीची भर पडली, तर काकांच्या अंगातले पाणी किती जाईल आणि पुढची केमोथेरपी किती आठवडे लांबेल, ते सांगता येणार नाही.

प्रश्न : वडिलांना गाऊटचा त्रास आहे. डॉक्टरांनी दिलेले कोल्चिसिन हे औषध कळलावीच्या कंदात असते असे वाचले. आमच्या फार्महाउसच्या कुंपणावर कळलावी आहे. कंद वापरून पाहावा का? (बाणेर)

उत्तर : मुळीच नाही. आपल्याकडे भांडणे लावणाऱ्याला कळलाव्या म्हणतात. या वेलीचे नाव मात्र प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा कंद वापरत, यावरून आले आहे, आणि त्या वापरात किती बाळंतिणी दगावल्या असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. फुले ज्वाळेसारखी देखणी असतात, पण वेलीचा कोणताही भाग निर्धोक नाही. रताळे समजून कंद शिजवून खाल्ल्याने माणसे मेल्याचे प्रकार दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत घडले आहेत. पहिल्या दिवशी उलट्या-जुलाब होतात, मग जरा बरे वाटते, आणि दोन-तीन दिवसांनी अस्थिमज्जा, मूत्रपिंडे, हृदय एकामागून एक खचू लागतात. त्यावर हमखास उतारा दवाखान्यात मिळत नाही.

कोल्चिसिनही सदाफुलीच्या औषधांप्रमाणे ट्युब्युलिनलाच धरते. गाऊटमध्ये सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक जमले की पांढऱ्या पेशी तिकडे धावतात आणि सूज येते. कोल्चिसिन त्यांची ही धाव रोखते. गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते आणि उपकारक मात्रा व घातक मात्रा यांत अंतर फार कमी असते. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सोबत घेतले, तर नेहमीची मात्राही अंगात साचून घातक ठरू शकते. म्हणून वडिलांना दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी औषध लिहून घेताना ‘कोल्चिसिन चालू आहे’ हे सांगायची सवय लावा. २०२३ मध्ये अमेरिकेत हेच औषध अर्ध्या मिलिग्रॅमच्या रोजच्या मात्रेत हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठीही मान्य झाले, तेव्हा पुढील काळात ते अधिक घरांत दिसेल. तमिळनाडूत शेतकरी कळलावीची रीतसर लागवड करतात आणि बिया औषध कंपन्यांना विकतात. आपल्या कुंपणावरची वेल शोभेपुरती राहू द्या, लहान मुले आणि गुरे येत असतील तर तीही काढून टाका.

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी बर्बेरिनच्या कॅप्सूल ऑफिसमधले बरेच जण ऑनलाइन मागवतात. ते दारुहळदीतले आहे म्हणजे सुरक्षितच, हे खरे का? (हिंजवडी)

उत्तर : दारुहळदीतले आहे हे खरे, त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही. लहान आणि अल्पमुदतीच्या चाचण्यांत बर्बेरिनने रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल काहीसे उतरल्याचे दिसले आहे. वजनाच्या बाबतीत मात्र जाहिरातींत सांगतात तसे काही घडत नाही. आतड्यातून ते फार थोडे शोषले जाते, म्हणून काही उत्पादक त्यात पिपरिन घालतात. पिपरिनचा हा गुण खोटा नाही. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी गोळी त्याच्याच आधारे तयार केली आणि तिला २००९ मध्ये भारतात मान्यता मिळाली. पण पिपरिन दुसऱ्या औषधांचे प्रमाणही तसेच वाढवते, आणि बर्बेरिन स्वतः यकृतातील विकरांच्या कामात अडथळा आणते. त्यामुळे मधुमेहाच्या, रक्त पातळ करणाऱ्या किंवा अवयवरोपणानंतरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर घेऊच नये, कारण त्यामुळे नवजात बाळाची कावीळ बळावू शकते.

प्रश्न : महाशिवरात्रीला वाहायला आणलेले धोत्र्याचे फळ आमच्या चार वर्षांच्या नातवाने फोडले. त्याने खाल्ले नाही, पण खाल्ले असते तर काय करायचे? (धायरी)

उत्तर : घरी उलटी करवण्याच्या खटपटीत वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचे. धोत्र्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलॅमिन असते. तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, ताप चढतो, बाहुल्या विस्फारतात, लघवी अडते आणि मूल असंबद्ध बडबड करून हवेत काहीतरी पकडू पाहते. घरच्यांना बाहेरची बाधा झाली असे वाटते आणि तिथेच उशीर होतो. गंभीर विषबाधेत काही वेळा फायसोस्टिग्मिन देतात, आणि तेही आफ्रिकेतल्या एका शेंगेतले अल्कलॉइड आहे. उलट शेतात फवारणीचे कीटकनाशक अंगात भिनलेल्या मजुराचा जीव वाचवायला दवाखान्यात धोत्र्याच्याच कुळातले ॲट्रोपिन टोचतात, कधीकधी तासन् तास.

फळाचा उरलेला तुकडा आणि एखादे पान पिशवीत घालून सोबत न्यावे. डॉक्टरांना झाड ओळखता आले, की पुढची अर्धी तपासणी वाचते.